वॉलायची ‘वलगण’ करू नका: मिनेसोटातल्या मासेमारीच्या त्या मेसेजला उत्तर

‘तळी मोकळी झाली! मिनेसोटातल्या मराठी खवय्यांसाठी खास’ असा एक लांबलचक मेसेज इथल्या आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी तो वाचून सोडून दिला होता. परवा भाच्यानं तोच पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, शनिवारी रात्री जाऊ या का? आईबाबा आलेत, बाबांना गाभोळी फार आवडते.’ पोरगा सरळ आहे, इथं येऊन वर्षही झालेलं नाही, आणि आपण जे करायला निघालोय तो गुन्हा आहे हे त्याला ठाऊकही नाही. मेसेज लिहिणाऱ्याला मात्र ठाऊक असायला हवं होतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: बर्फ गेल्यावरचे दोन-तीन आठवडे म्हणजे इथली वलगण, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला चढणारे मासे धरण्याचे आपल्याकडचे दिवस. वॉलाय (walleye) हा इथल्या तळ्यांतला मासा गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, भरून काठाला येतो, रात्री टॉर्च मारली की त्याचे डोळे चमकतात, मग गळ टाका नाहीतर जाळीनं उचला. क्रॉपी (crappie) हा दुसरा मासाही तेव्हाच अंडी घालायला येतो, त्याला मर्यादा नाही. काठावरून पकडायला लायसन्स लागत नाही, भारतातून आलेल्या ज्येष्ठांना तर मुळीच नाही. आमिषाचे उरलेले जिवंत मिनो (बारके मासे) तळ्यात सोडा, पुण्य लागेल. आणि पोहता येत असेल तर लाइफ जॅकेटचं ओझं कशाला?

वॉलायपासून सुरू करतो, कारण सगळ्यात घातक तेच आहे.

मिनेसोटातल्या तळ्यांवर वॉलायचा हंगाम फेब्रुवारीअखेर बंद होतो आणि मे महिन्यात उघडतो. मेमोरियल डेच्या (मेच्या शेवटच्या सोमवारी असणाऱ्या सुट्टीच्या) आठवड्याअखेरीतल्या शनिवारच्या दोन आठवडे आधीचा शनिवार, हा नियम. या वर्षी, 2026 मध्ये, तो 9 मे आहे. म्हणजे मेसेजनं सांगितलेले ते ‘सोन्यासारखे’ दोन-तीन आठवडे नेमके बंदीचे आहेत. या काळात मुद्दाम वॉलायसाठी गळ टाकणंही चालत नाही, मग तो नंतर सोडून द्यायचा असला तरी. जाळीनं किंवा हातानं उचलणं तर हंगाम उघडा असतानाही बेकायदा आहे.

बंदी का, ते वॉलायला विणीच्या रात्री काठावर पाहिलेला माणूस विचारणार नाही. पाणी जेमतेम सहा ते दहा अंश सेल्सिअस. गुडघाभर पाण्यात गोटे आणि खडी. एका मोठ्या मादीभोवती चार-पाच नर घुटमळतात, पाठी पाण्याबाहेर येतात, पाणी एकदम खळबळतं आणि अंडी खडीच्या फटींत पडतात. मादी बहुतेक अंडी एकाच रात्रीत घालून मोकळी होते. घरटं नाही, राखण नाही. अंडी फुटायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर त्यांचं जे व्हायचं ते होतं. पहिल्यांदा अंडी धरायलाच मादीला चार-पाच वर्षं लागतात. डोळे चमकतात हे खरं आहे. डोळ्याच्या मागे परावर्तक थर असतो, त्यामुळे वॉलायला अंधारात आणि गढूळ पाण्यात दिसतं. पण त्या चमकेवर नेम धरून अंड्यांवर आलेली मादी उचलणं ही कसली मासेमारी?

आणि ‘आपल्याकडे चढणीचे मासे धरतातच की’ हे वाक्य वाचून मला खरोखर राग आला. धरतात, मान्य. पहिल्या पावसात शेतात, ओढ्यात चढलेले मासे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जातात. पण माझ्या आजोळच्या ओढ्यात चढणारे मासे माझ्या डोळ्यांदेखत कमी होत गेले, आणि चढणीलाच सगळे उचलले तर उतरायला कोण उरणार, हे तिथली म्हातारी माणसं सांगतच होती. त्याच महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्याला उतरतात. विणीच्या दिवसांत माशाला मोकळीक द्यायची हे आपल्याला मिनेसोटानं शिकवायला नको.

काय होऊ शकतं याचा दाखला इथंच आहे: उत्तर मिनेसोटातलं रेड लेक. अप्पर आणि लोअर अशी दोन जोडतळी मिळून अवाढव्य पाणी, बहुतेक भाग इथल्या मूळ रहिवाशांपैकी रेड लेक ओजिब्वे जमातीचा, अप्परचा पूर्वेकडचा तुकडा राज्याचा. एके काळी वॉलायसाठी नावाजलेलं. जाळ्यांची व्यापारी मासेमारी, गळवाले आणि चोरटी विक्री या सगळ्यांनी मिळून ते ओरबाडलं आणि 1990 च्या दशकात वॉलायची संख्या कोसळली. जमातीनं 1997 मध्ये व्यापारी मासेमारी थांबवली. 1999 मध्ये जमात आणि राज्य एकत्र आले, वॉलायची मासेमारी पूर्ण बंद झाली आणि पुढच्या काही वर्षांत कोट्यवधी पिल्लं सोडली गेली. 2006 मध्ये हंगाम पुन्हा उघडला. एवढं मोठं तळं, आणि सात वर्षं एकही वॉलाय कुणी ठेवायचा नाही! मधल्या काळात तिथं क्रॉपी अफाट वाढला, कारण त्याची पिल्लं खाणारा वॉलायच उरला नव्हता. लोक लांबून क्रॉपीसाठी यायचे. वॉलाय परतला आणि क्रॉपीची ती चंगळ ओसरली. दोन्ही मासे एकमेकांशी असे बांधलेले आहेत, आणि मेसेज म्हणतो दोन्ही एकाच रात्री टोपलीत भरा.

मेसेजमध्ये एक अर्धसत्य आहे, तेही सांगून टाकतो. ‘मिल लॅक्सवर एप्रिलात जाळी लागतात, मग आपल्यालाच बंदी का?’ मिल लॅक्स या मिनेसोटातल्याच मोठ्या तळ्यावर जाळी लागतात, खरं आहे. ती ओजिब्वे जमातींची असतात. 1837 च्या करारानं त्यांनी जमीन देताना शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता आणि 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो मान्य केला. किती मासे घ्यायचे याचा आकडा ठरलेला असतो आणि मासे मोजले जातात. तो हक्क त्यांचा आहे. त्याच्या आडून आपण रात्री टॉर्च घेऊन जाणं मला लाजिरवाणं वाटतं.

आता क्रॉपी. इथं मेसेज निम्मा बरोबर आहे, नाइलाजानं मान्य करतो. क्रॉपीचा हंगाम वर्षभर उघडा असतो आणि बर्फ गेल्यावर तो खरंच काठाजवळ येतो. पण अंडी घालायला नव्हे, खायला. अंडी तो पाणी सोळा ते वीस अंशांवर गेल्यावर घालतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी मे उजाडतो. एप्रिलात तो शोधायचा तर वाऱ्यापासून आडोशाची, काळ्या चिखलाच्या तळाची उथळ खाडी गाठा. दिवसभराच्या उन्हानं तिथलं पाणी बाकी तळ्यापेक्षा लवकर कोमट होतं, बारीक किडे आणि मिनो तिथं जमतात आणि दुपारी उशिरा क्रॉपी त्यांच्या मागे येतो. बॉबरखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या बोंडाखाली) अगदी हलका जिग (वजन लावलेला नकली आमिषाचा गळ) लावा, आणि तो माशाच्या पातळीच्या थोडा वर ठेवा, कारण क्रॉपी वर बघून खातो. बॉबर बुडाला की हिसका देऊ नका. त्याच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते, फाटते आणि मासा जातो. भाऊजींना गळाला लावायला याहून चांगला मासा नाही. मर्यादा मात्र आहे: राज्यभर माणशी दहा, काही तळ्यांवर त्याहून कमी. चुकून वॉलाय लागला तर लगेच पाण्यात सोडा.

लायसन्स सोळा वर्षांपुढच्या प्रत्येकाला लागतं, काठ असो की बोट. फिरायला आलेल्या आईवडिलांना बाहेरच्यांचं लायसन्स काढावं लागतं. 24 तासांचं, 72 तासांचं किंवा सात दिवसांचं मिळतं, फोनवरून निघतं. ‘बायकांना फुकट असतं’ हे कुठून आलं तेही कळलं: मदर्स डेच्या शनिवार-रविवारी आईला लायसन्स लागत नाही, पण ती मिनेसोटाची रहिवासी हवी. पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेली आजी त्यात बसत नाही.

मिनो तळ्यात सोडू नका. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या पाण्याबरोबर परके जीव आणि रोग जातात, म्हणून कायद्यानंच मनाई आहे. उरलेले कचऱ्यात टाका.

लाइफ जॅकेटबद्दल चिडूनच लिहितोय. एप्रिलच्या पाण्यात पोहता येणं फारसं कामाचं नसतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी बर्फगार पाण्यासाठी 1-10-1 असा हिशेब मांडलाय: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपेपर्यंत साधारण तास. पहिल्याच मिनिटात धाप लागून पाणी नाकातोंडात जातं, आणि दहा मिनिटांनी पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात चालत नाहीत. दहा वर्षांखालच्या मुलाला चालत्या बोटीत जॅकेट घालणं इथं कायद्यानं सक्तीचं आहे. मोठ्यांनी ते बोटीत नुसतं ठेवू नये, अंगात घालावं.

ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी त्याच ग्रुपवर एवढं तरी लिहा: वॉलाय 9 मेपर्यंत बंद आहे, टॉर्च घेऊन कुणी जाऊ नका.