दुकानमालकाचं उत्तर: ‘लेडीज म्हणून जेंट्स सायकल गळ्यात मारली’ या रिव्ह्यूला

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. सायकल तुम्ही घेताय हे समोर दिसत असताना आमच्या दुकानातल्या मुलाने बजेट तुमच्या मिस्टरांना विचारलं, ते चुकलंच. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रिव्ह्यू वाचून बायकोने मला जे ऐकवलं ते तुमच्यापेक्षा जास्त होतं.

पण ‘जेंट्स फ्रेम लेडीज सांगून गळ्यात मारली, सरळ फसवणूक आहे’ हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. काल एका मुलीच्या वडिलांचा फोन आला, ‘तुमच्याकडच्या लेडीज सायकली खरंच लेडीज असतात ना?’ पुण्यात माझे वडील तासावर सायकली भाड्याने द्यायचे. तेव्हापासून आजपर्यंत फसवणूक हा शब्द आमच्या दुकानाला कोणी लावला नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडिलांच्या काळात लेडीज सायकल म्हणजे दांडी नसलेली, पुढे बास्केट. रोड बाइकचं तसं नसतं. पूर्वी मोठ्या कंपन्या बायकांसाठी वेगळी फ्रेम काढायच्या. ट्रेकचं डब्ल्यूएसडी (विमेन्स स्पेसिफिक डिझाइन) होतं, स्पेशलाइज्डच्या रुबी आणि अमिरा होत्या. समज असा की बायकांचे पाय लांब आणि धड आखूड, म्हणून वरची नळी आखूड हवी. 2012 मध्ये स्पेशलाइज्डने रेटूल ही फिटिंगवाली कंपनी विकत घेतली, हजारो लोकांची मापं हाताशी आली, आणि लक्षात आलं की बाई आणि पुरुष यांच्यात जेवढा फरक असतो त्यापेक्षा दोन बायकांमध्येच जास्त असतो. मग फ्रेम सगळ्यांना एक ठेवली आणि सॅडल (बसायची सीट), हँडलबार, क्रँक (पेडलचा दांडा) माणसाप्रमाणे. ट्रेकही त्याच वाटेने गेली. जायंट कंपनीची लिव्ह मात्र 2008 पासून फक्त बायकांसाठी सायकली करते आणि अजून वेगळ्या फ्रेमवर ठाम आहे. लांग्मा, अवेल ही मॉडेल्स त्यांचीच. ही दोन्ही मतं मी तुम्हाला काउंटरवर सांगितली होती. तुमच्या मापाची खास बायकांची फ्रेम मागवावी लागेल, थांबावं लागेल, हेही सांगितलं होतं. तुम्हाला ग्रुपच्या राइडच्या आधी सायकल हवी होती. ‘लेडीज फ्रेम’ असं मी एकदाही म्हटलेलं नाही, ‘तुमच्यासाठी सेट करून देतो’ असं म्हटलं होतं.

आणि दिली. 40 सेंटिमीटरचा हँडलबार काढून 38 चा लावला, स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा) 90 मिलीमीटरची 70 केली, ब्रेकचे लिव्हर स्क्रू फिरवून आत घेतले, कारण तुमची बोटं पोचत नव्हती. माझ्या बायकोने आतल्या खोलीत बसायच्या हाडांचं माप घेतलं आणि 143 ऐवजी 155 मिलीमीटर रुंदीचा सॅडल दिला. सॅडलच्या किमतीतला फरक घेतला, तो बिलावर आहे. मजुरी एक रुपया घेतलेली नाही. कंपनीच्या वेबसाइटवर याच सायकलवर पुरुष बसलेला दिसतो असं तुम्ही लिहिलंय. फोटोत कोणाला बसवायचं ते माझ्या हातात नाही हो.

आता दुखण्याबद्दल. ‘जेंट्स सायकल असल्यामुळे 200 किलोमीटरच्या आतच बसवेना’ असं तुम्ही म्हणता. पायाचं आतलं माप 76 सेंटिमीटर भरलं होतं. सीटची उंची काढायला त्याला 0.883 ने गुणतात, 67 येतात. सीट 67 वर ठेवली, बोल्ट टॉर्क रेंचने 5 न्यूटन मीटरला आवळला आणि सीटपोस्टवर (सीटखालच्या नळीवर) क्लॅम्पला चिकटून पिवळी टेप गुंडाळली. ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या सायकलला गुंडाळतो. मागच्या शनिवारी तुम्ही सायकल आणलीत तेव्हा टेपच्या खाली चांगली दीड बोट काळी पोस्ट दिसत होती. मोजली तर अडीच सेंटिमीटर. बोल्टच्या तोंडावर ॲलन-की घसरल्याचे ओरखडे. सॅडलचं नाकही वर. सीट एवढी वर गेली की पेडल खाली नेताना कंबर डावी-उजवी डोलते, सगळा भार पुढच्या नाजूक भागावर येतो. मग सॅडल कुठलाही असू दे, मुंग्या येणारच. ग्रुपमधल्या कोणी अनुभवी दादाने सांगितलं असेल, मी कोणाचं नाव घेत नाही. तुम्हालाही खोटं ठरवत नाही. पण टेप माझ्या हातची आहे.

त्या दिवशी आम्ही दुकान बंद करायच्या वेळेला सीट परत 67 वर आणली, नाक सपाट केलं, नवीन टेप लावली, पैसे घेतले नाहीत. तुम्ही ‘थँक्यू’ म्हणालात. त्याच रात्री 11:40 ला रिव्ह्यू. मधल्या वेळात सायकल गाडीच्या मागेच बांधलेली होती, बरोबर ना? नव्या सेटिंगवर एक चक्कर मारून मग दोन काय, एक स्टार दिला असतात तरी चाललं असतं.

बायकांच्या जर्सी फक्त गुलाबी, हे मान्य. एक जांभळीही आहे, पण ती एक्सएल. रंग निवडून मागवायचे तर पूर्ण सेट उचलावा लागतो आणि लहान दुकानाला ते जड जातं. तरी काळ्या-निळ्या, स्मॉल साइजच्या जर्सी आणि बायकांच्या कटच्या बिब शॉर्ट्स (खांद्यावर पट्टे असलेल्या सायकलच्या शॉर्ट्स) मागवायचं बघतो आहे. मुलांनाही बोलण्याबद्दल समज दिली आहे. महिलांसाठी महिन्यातून एक सकाळ ठेवायचं मनात आहे, बघू कसं जमतं.

तुमचा मूळचा 143 चा सॅडल फळीवर तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलाय. 155 चा नकोच असेल तर महिनाभरात केव्हाही बदलून देईन, फरक परत करीन, बिल नसलं तरी. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या. फक्त त्याआधी बोपदेव घाटाला नको, साधं खडकवासल्यापर्यंत तरी जाऊन या. आणि येताना सीटला कोणाला हात लावू देऊ नका.

आपला,
दुकानमालक