वारं पडू द्या, मग निघा

जून लागला की सायकलच्या ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते: रोजचे किती किलोमीटर? एकट्याने लांब निघणारा तर या आकड्याच्या जास्तच आहारी जातो, कारण त्याला थांबवणारं सोबत कोणी नसतं. मला हे मनापासून खटकतं. वादळी दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याने एकट्याने जायचं, तर कुठे आणि कधी थांबायचं हे कळणं हीच मोठी तयारी आहे. पायांतली ताकद त्यानंतर.

हा आपल्या खान्देशातला रस्ता माझ्या जिवाचा आहे. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर (१९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते हेच), सावदा, रावेर. डाव्या हाताला सातपुडा, उजवीकडे तापी. दिशा हीच धरा, पश्चिमेकडून पूर्वेला. तापीचं खोरं समुद्राच्या बाजूला उघडं आहे. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, त्यामुळे मे-जूनचा पश्चिमेचा वारा या पट्ट्यात जोर धरतो. साक्रीकडच्या पवनचक्क्या उगीच नाही उभारल्या. उलट्या बाजूने निघालात तर दिवसभर वारं छातीवर घ्यावं लागतं.

आधी तोरणमाळ करून घ्या. म्हसावद, राणीपूर सोडलं की जंगल सुरू होतं आणि सुमारे ११५० मीटर उंचीपर्यंत चढत जायचं. पहिल्या सरी पडल्या असतील तर सागाला नवी पानं आलेली असतात. कोवळं पान तळहातावर चोळून बघा, हात लालभडक होतो. चढ सावकाश होतो, त्याची काळजी नको. काळजी उताराची. ओल्या रिमवर ब्रेकचा पहिला दाब नुसतं पाणी पुसण्यात जातो, सायकल थांबतच नाही. म्हणून वळण यायच्या बरंच आधी हलकेच ब्रेक लावत राहायचं आणि वेग मुळात वाढूच द्यायचा नाही.

आता वादळाचं. मान्सूनपूर्व वादळ बहुतेक वेळा दुपारनंतरच येतं. सकाळपासून जमीन तापते, दोन-तीनच्या सुमारास डोंगरावर ढग चढायला लागतात. मग वारं एकाएकी थांबतं, क्षणभर काहीच हलत नाही, आणि भलत्याच बाजूने गार झोत येतो. त्याच्यामागून धूळ, आणि पाऊस सगळ्यांत शेवटी. तो गार झोत लागला की चर्चा नको, पक्कं घर गाठायचं. पहाटे पाचला निघून दुपारी बाराच्या आत मुक्कामाला टेकलात तर ही वेळच येणार नाही, पण रस्त्यात पंक्चर होतात, पूल बंद असतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत ऐकू आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तुम्ही तिच्या टप्प्यात. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडू नका. टायर रबराचे म्हणून सायकलवाला वाचतो, हा समज डोक्यातून काढा. आणि झाडाखाली तर मुळीच नको, मोहाचं झाड कितीही डेरेदार असो.

सावद्याच्या अलीकडे एका केळीवाल्या काकांनी मला घरात घेतलं होतं. कापणीला आलेली बाग. चहूबाजूंनी शेवरीचं कुंपण होतं, घडांना आधाराच्या पट्ट्याही बांधलेल्या. तरी खिडकीतून दिसत होतं, घडाच्या वजनाने झाडं मधूनच कडाकड मोडत होती. वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत आडवी होत होती आणि तो माणूस मला टॉवेल देत होता. मी दोनदा उठलो. दोन्ही वेळा म्हणाले, “वारं पडू दे भाऊ, मग निघ.” काकूंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. त्या घरात बसून मला उरलेल्या किलोमीटरचा विचार करणंसुद्धा अवघड वाटलं. इथली माणसं वादळाशी ईर्ष्या करत नाहीत. ज्यांचं सगळं त्याच्या हातात आहे, ती थांबतात. आपण तर नुसते वाटसरू.

फरशी पुलांचंही तसंच. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि नाल्याला गढूळ पाणी, पालापाचोळा, काटक्या यायला लागतील. पाऊस वर सातपुड्यात झालेला असतो. फरशी दिसेनाशी झाली की सायकल खांद्यावर घेऊन जाणं हा वेडेपणा आहे, मग मागे कोणी कितीही व्हिडिओ काढत असो. गावकरी पलीकडे उभे असतात ते काही गंमत बघायला नाही, पाणी उतरायची वाट बघत असतात. त्यांच्यासोबत उभं राहा. शेतातून आडवाटही काढू नका. ओली काळी माती मडगार्डमध्ये अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही, आणि मग काडीने खरवडत बसावं लागतं.

यावल अभयारण्यात आणि पालच्या बाजूला जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. अंधार पडल्यावर जंगलात सायकल नको, ती वेळ जनावरांची आहे. जाताना सुरत-भुसावळ लाइनने नंदुरबारला उतरा, रावेरला संपवलं की भुसावळ-खंडवा लाइन आहेच. दोन दिवस जास्तीचे हातात ठेवूनच रजा टाका. यंदा कोणी निघत असेल तर खाली लिहा, वाटेत मुक्काम कुठे होऊ शकतो ते मी कळवतो.