निरोपाची तयारी पुस्तकातच होती

हॅरी पॉटरचा शेवटचा भाग वाचून झाला की बालपणही संपतं, असं एका लेखात वाचलं; ते मला पटलं नाही. त्या मालिकेचं सातवं, म्हणजे शेवटचं पुस्तक २१ जुलै २००७ला आलं तेव्हा मी अकरावीत होते. लेखिकेनं निरोपाची तयारी आतच करून ठेवली होती. सातव्या वर्षी हॅरी शाळेत परतत नाही, बरंचसं पुस्तक रानोमाळ भटकण्यात जातं. सदाशिव पेठेतल्या आमच्या गॅलरीत बसून वाचताना मला त्या शाळेची आठवण येत होती आणि नुकत्याच सुटलेल्या माझ्या शाळेचीही. सतराव्या वाढदिवसाला त्याच्या मित्राची, रॉनची आई हॅरीला घड्याळ देते. नवं नाही, तिच्या गेलेल्या भावाचं, मागे पोचा आलेलं. लढाया बाजूला राहू द्या, मला अजूनही तिथेच भरून येतं. २०११ला शेवटचा सिनेमाही सगळ्या मैत्रिणींनी मिळून पाहिला, पण माझा निरोप तोवर घेऊन झाला होता.

आता भाचीसाठी अप्पा बळवंत चौकातून मराठी अनुवादाचा पहिला भाग आणलाय. जिन्याखालच्या फडताळात हॅरीला झोपवणाऱ्या त्याच्या मावशीवर तिचा भयंकर राग आहे. "मावशी असून अशी कशी वागते गं ती?" असं रोज मलाच विचारते.