देवाची हजेरीवही तपासताना

देवाच्या न्यायात खोट काढायची हौस असेल, तर पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: खटला कधीही स्वतःचा घेऊ नका. शेजाऱ्याचा घ्या. शेजारी आपल्याच चर्चच्या मंडळीतला असेल, त्याची जुनी लफडी तुम्हाला पाठ असतील आणि हल्ली तो उपासनेला पुढच्या बाकावर बसायला लागला असेल, तर सोन्याहून पिवळं.

मला असा एक मिळाला होता. नाव सांगत नाही. मिरज तेवढी मोठी नाही. जन्मभर बेदाण्याचा पैसा दारूत घातला, बायकोला माहेरी धाडलं, भावाची जमीन दाबली. ६८व्या वर्षी गडी पाळकसाहेबांपुढं ढसाढसा रडला, पश्चात्ताप केला, जमीन परत दिली (निम्मी, असं भाऊ म्हणतो) आणि पाच महिन्यांत वारला. दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, आपला बंधू प्रभूपाशी गेला. मी गायनमंडळात उभा होतो. ४० वर्षं तिथंच उभा आहे. गाता गाता हिशेब मांडला. वर्षाचे ५२ रविवार धरले तर माझे २०८०, त्याचे फार तर २१. आणि मुक्कामाचं ठिकाण एकच! तेवढ्यात कडवं संपलं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पुढची अर्धी ओळ मी एकट्यानंच गायलो.

तक्रारीला शास्त्राधार हवा, म्हणून बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २०वा अध्याय उघडा. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी अकराव्या ताशी, म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे पाच. हजेरी सगळ्यांना एकच दिनार. बरं, वाटायची तर निदान पहाटेच्या लोकांना आधी वाटावी, ते खुशीत घरी गेले असते, कुणाला कळलंही नसतं. पण मालकानं मुद्दाम शेवटच्यांपासून सुरुवात करायला सांगितली. सकाळचे रांगेत उभे राहून बघतायत. याला न्याय म्हणतात?

तासगावकडं आमच्या सासऱ्यांची, म्हणजे मामांची, दीड एकर द्राक्षबाग आहे. त्यांनी हाच उद्योग एकदा माझ्यासमोर केला. फेब्रुवारीअखेर, बेदाण्याचा माल उतरायचा होता आणि दुपारी आभाळ भरून आलं. आठपासून सात बाया कात्र्या चालवत होत्या, तरी उरकेना. चारला मामा चावडीपुढून आणखी चौघी घेऊन आले. सहाला शेवटचा क्रेट शेडवर गेला. नव्या चौघींची शेवटची एसटी होती म्हणून त्यांना आधी पैसे दिले, आणि पूर्ण हजेरी दिली. सकाळच्या टोळीतली म्हातारी हाताचा चिकटा पदराला पुसत हे बघत होती. तिच्या हातात तेवढेच पैसे पडले तेव्हा तिनं ते मुठीत धरले, कनवटीला लावले नाहीत.

"मालक, मग उद्यापासनं आमीबी चारलाच येतो की."

मामांनी दृष्टांत आठवून काही केलं नव्हतं. सुट्टे नव्हते. पण त्या म्हातारीचं वाक्य लिहून ठेवा. दोन हजार वर्षांत देवाच्या न्यायावर याहून नेमका आक्षेप कुणी घेतला असेल असं मला वाटत नाही.

एवढं पटत असेल, तर मग चारलाच जा ना! मार्ग मळलेला आहे. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाईन जन्मभर राज्य चालवून, लढाया मारून, अखेर ३३७ साली मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. त्या शतकात असं पुष्कळजण करत. बाप्तिस्म्यानं मागचं सगळं धुऊन निघतं, तर तो होता होईल तितका उशिरा घ्यावा, असा तो चोख व्यवहार होता. येशूशेजारी वधस्तंभावर लटकलेल्या चोराचा दाखला तर सगळ्यांना पाठच आहे. बाप्तिस्मा नाही, दशांश नाही, गायनमंडळात एक दिवस उभा नाही, आणि त्याच दिवशी सुखलोकात.

मात्र त्या दृष्टांतातलं सातवं वचन वाचू नका. मालक पाच वाजता विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. मजूर अड्ड्यावर सकाळपासून डबा हातात धरून उभं राहणं, प्रत्येक पिकअप थांबली की पुढं होणं आणि आज घरी काय सांगायचं हे पाचपर्यंत मनात घोळवणं, याला आराम म्हणता येत नाही. खटल्याला हे वचन फार बाधक आहे. पान दुमडून पुढं जा.

आता पुराचं कलम. देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो, असं खुद्द येशूनं सांगितलंय. (जतकडच्या लोकांनी वेगळा अर्ज करावा, त्यांच्याकडं तो दोघांवरही पडत नाही.) २०१९च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५. गल्लीतल्या सावकाराच्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा आम्ही म्हणालो, देवाच्या काठीला आवाज नसतो. तेच पाणी माझ्या मामेभावाच्या माळ्याला लागलं तेव्हा म्हणालो, दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा. हा फरक चटकन करता यायला हवा, त्याला सराव लागतो. शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसं मेली, ती बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती का, असं विचारून येशूनं स्वतःच 'नाही' म्हटलं आहे. तेही पान दुमडा.

ज्यांच्या कानावर ख्रिस्ताची सुवार्ता गेलीच नाही त्यांचं काय, हा प्रश्न मात्र जपून विचारा. आपल्याकडं तो थेट देहूला जातो. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. तुकोबांना तर बाप्तिस्मा नाही. म्हणजे पुलावरून आलेला आत आणि पूल बाहेर? टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा ठेवली. ज्यांना नियमशास्त्र मिळालं नाही त्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेलं असतं, असं प्रेषित पौलानं बायबलातल्या पत्रात रोमकरांना कळवलंय. कॅथलिकांच्या व्हॅटिकन परिषदेनंही १९६४मध्ये अशांसाठी दार उघडं असल्याचं लिहून दिलं. पण आपण प्रोटेस्टंट, ते आपल्याला लागू नाही, असं म्हणून सुटता येतं. पौलाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. आता दुमडायला पानं फार झाली, बायबल मिटत नाही.

निकालाच्या दिवशी बसायला जागाही आधीच हेरून ठेवा. योना संदेष्ट्यानं निनवेच्या पूर्वेला मांडव घातला होता, देव शहराचा नाश करतो का ते सावलीत बसून बघायला. देवानं शहर सोडून दिलं, एक लाख वीस हजारांच्या वर माणसं आणि शिवाय पुष्कळ गुरंढोरं. योना इतका चिडला की यापेक्षा मेलेलं बरं म्हणाला. आपल्याला दंडोबाचा डोंगर सोयीचा पडेल. मिरज अख्खी दिसते.

राहता राहिला तुमचा स्वतःचा नंबर. तो येणारच, आणि तिथं २०८० रविवारांचा कागद पुढं करायचा मोह होईल. करू नका; त्याच वहीत मधल्या सहा-सहा दिवसांच्याही नोंदी असतात. त्यापेक्षा त्या म्हातारीला आठवा. पुढच्याच आठवड्यात तिची एसटी चुकली, अकराला बागेत पोचली. संध्याकाळी मामा पैसे मोजायला बसले तशी पुढं आली, पदराचं टोक दोन्ही हातांत धरलं, मान जराशी कलती केली आणि म्हणाली,

"मालक, आजच्या दिवस पुरा धरा की."

मान नेमकी किती कलवायची ते बघून ठेवलंय. घरी आरशापुढं करून बघतो, अजून जमत नाही.