‘उत्तर पर्यायांतच असतं, आधी डोकं कशाला शिणवायचं?’ या सल्ल्याला उत्तर

लॉजिकल रीझनिंगची, म्हणजे छोटा उतारा वाचून त्यातला युक्तिवाद तपासायच्या प्रश्नांची, तयारी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. थोडक्यात तो असा: बरोबर उत्तर पर्यायांत दिलेलंच असतं, मग ते आधी मनाशी शोधत कशाला बसायचं? तेवढा वेळ नसतोच. शिवाय अंदाज चुकला की माणूस त्यालाच चिकटून बसतो. काही प्रश्नांत तर अंदाज बांधताच येत नाही. म्हणून थेट पर्याय वाचा आणि एकेक खोडत चला.

मी हे प्रश्न बरीच वर्षं शिकवतोय. मेहनती मुलं या सल्ल्यापायी महिनोन्‌महिने एकाच गुणांवर अडकलेली मी पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘उत्तर पर्यायांत असतंच.’ असतं, पण पाचांतल्या एकात. उरलेले चार उगाच भरीला घातलेले नसतात. वाचणारा कुठे घसरेल हे ओळखून ते लिहिलेले असतात. एकात उताऱ्यातलेच शब्द असतात, पण मुद्दा भलताच. दुसऱ्यात मुद्दा बरोबर, दिशा उलटी. तिसऱ्यात ‘काही’च्या जागी ‘सगळे’ येऊन बसलेलं असतं.

एक प्रश्न घेऊ. ‘ग्रंथालयाची बंद होण्याची वेळ संध्याकाळी सहाऐवजी रात्री नऊ केली. पुढच्या तीन महिन्यांत वाचकांची संख्या बरीच वाढली. म्हणजे वेळ वाढवल्यामुळेच वाचक वाढले.’ हा युक्तिवाद कशामुळे सर्वांत कमकुवत होईल?

पर्याय झाकून ठेवा आणि उतारा काय करतोय ते बघा. आधी हे झालं, मग ते झालं, म्हणून ह्यामुळेच ते झालं, असं तो म्हणतोय. या दोन गोष्टींना जोडणारा दुवा त्यानं कुठेच सिद्ध केलेला नाही. बस, एवढाच अंदाज.

आता पर्याय उघडा. ‘काही वाचकांना ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं हवं आहे.’ विषय तोच, पण दुव्याला धक्काही लागत नाही. ‘वेळ वाढवल्यानं ग्रंथालयाचा खर्च वाढला.’ वाढला असेल. पण वाचक का वाढले, हा प्रश्न आहे. ‘नव्यानं येऊ लागलेले जवळजवळ सगळे वाचक सकाळी येऊन दुपारपर्यंत परत जातात.’ इथे दुवा तुटला.

माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीनं याच प्रश्नात खर्चाचा पर्याय निवडला होता. का, असं विचारलं तर म्हणाली, “सर, तो वेळ वाढवण्याच्या विरोधात बोलतोय ना!” उतारा तिनं नीट वाचला होता. पण त्यातली फट कुठे आहे हे ठरवायच्या आधीच ती पर्यायांत उतरली, आणि मग जो विरोधात बोलतो तो तिला बरोबर वाटला.

‘तेवढा वेळ नसतो.’ एलसॅटमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत, एका विभागाला 35 मिनिटं आणि प्रश्न साधारण 25, म्हणजे प्रत्येकाला दीड मिनिटही नाही. पण तो वेळ जातो कुठे, ते एकदा घड्याळ लावून बघा. दोन पर्यायांमध्ये हेलपाटे घालण्यात आणि उतारा तिसऱ्यांदा वाचण्यात. सुरुवातीला अंदाज बांधायला वेळ लागतो, हे खरं आहे. म्हणून तर पहिले काही आठवडे घड्याळ बाजूला ठेवून सराव करायचा. (ऑगस्ट 2024पासून त्या परीक्षेतून लॉजिक गेम्स, म्हणजे दिलेल्या अटींवरून मांडणी लावायची कोडी, गेले आणि गुण धरला जाणारा दुसरा लॉजिकल रीझनिंग विभाग आला. ही सवय लावून घ्यायला आता आणखी कारण आहे.)

‘माणूस अंदाजाला चिकटतो.’ हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं 1960 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. 2, 4, 6 हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखायचा. बहुतेकांनी ‘दोन-दोननं वाढणारे आकडे’ असं काहीतरी मनाशी धरलं आणि त्याला दुजोरा देणारे आकडेच पुढे करून पाहिले. खरा नियम होता नुसता चढता क्रम.

पण थेट पर्यायांकडे जाणाराही चिकटतोच, पहिल्या गोमट्या दिसणाऱ्या पर्यायाला. आणि तो पर्याय फसवण्यासाठीच लिहिलेला असू शकतो.

खरी चूक होते ती अंदाज कशाचा बांधायचा यात. ग्रंथालयाच्या प्रश्नात ‘जवळच्या कॉलेजच्या परीक्षा असणार’ असं ठरवून बसलात, तर नजर परीक्षा शोधत राहते आणि सकाळच्या वाचकांचा पर्याय हातचा जातो. ‘दुवा सिद्ध नाही’ एवढंच टिपलंत, तर परीक्षेचा पर्याय आला तरी ओळखता येतो आणि सकाळचा आला तरी. अंदाज फटीचा बांधायचा. ती फट कुठल्या वाक्यानं उघडी पडेल, हे प्रश्न काढणाऱ्यावर सोडायचं. सराव करताना पर्याय कागदानं झाका, वहीत एकच ओळ लिहा, आणि त्या ओळीत उताऱ्याबाहेरचा तपशील आला असेल तर तो खोडा. तो तपशील म्हणजे तुक्का.

‘काही प्रश्नांत अंदाज बांधताच येत नाही.’ मान्य. ‘उताऱ्यावरून खात्रीनं काय म्हणता येईल’ असं विचारलं की उत्तरं अनेक निघू शकतात. दोन विधानं एकमेकांत अडकत असतील, जसं ‘सगळे क हे ख आहेत’ आणि ‘एकही ख हा ग नाही’, तर ‘एकही क हा ग नाही’ हे आधीच काढून ठेवावं. तसं काही जुळत नसेल तर मीही सरळ पर्यायांकडे वळतो आणि एकेक उताऱ्याशी ताडून पाहतो.

त्या विद्यार्थिनीच्या वहीत आता अशा प्रश्नांपुढे फक्त एक फुली असते. बाकीच्या प्रश्नांपुढे मात्र पेन्सिलीनं लिहिलेली एकेक ओळ, आणि ग्रंथालयाच्या प्रश्नापुढे: ‘वेळेमुळेच कशावरून?’