वेफर्सच्या पाकिटातले तिखट: एका सोलापूरकरणीचे मत

बटाट्याच्या तिखट वेफर्सची तुलना निघाली की बहुतेक लोक ‘सर्वांत तिखट कोणते’ एवढाच प्रश्न विचारतात, आणि सोलापुरात त्याचे उत्तर ठरलेले असते: एकही नाही. ज्या गावात शेंगा चटणी आणि कडक भाकरी हे रोजचे खाणे आहे, तिथे कंपनीच्या वेफर्सनी कोणाच्या डोळ्यांत पाणी येईल अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. पाकिटात मिरची कमी असते, हे मान्य. पण जी असते तिलाही बोलू दिले जात नाही. जिभेवर आधी साखर येते, मग आमचूर किंवा सायट्रिक आम्लाचा आंबटपणा येतो, मग कांदा-लसणाच्या पुडीचा वास येतो, आणि मिरचीची पाळी येईपर्यंत दहा रुपयांचे पाकीट संपलेले असते. म्हणून तिखट वेफर्सची पारख करताना मी तिखटाचे प्रमाण पाहत नाही, तर मिरची कितव्या क्रमांकावर बोलते ते पाहते. ही कसोटी लावली की ब्रँडची नेहमीची क्रमवारी बरीच उलटसुलट होते.

हा क्रम असा का लागतो, याचे कारण मिरचीच्या स्वभावात आहे. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते तेलात आणि स्निग्ध पदार्थात विरघळते. याउलट मीठ, साखर आणि आम्ल लाळेत क्षणात विरघळतात. वेफर तळून झाल्यावर फिरत्या पिंपात त्यावर मसाला भुरभुरला जातो, त्यामुळे ही सगळी पूड पृष्ठभागावरच असते आणि जे आधी विरघळते ते आधी जाणवते. मिरचीचा चटका उशिरा चढतो, मग साचत जातो. त्यातही साखर हा चटका दाबते. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तिखटपणा मोजण्याची पद्धत काढली तेव्हा मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यातच पातळ करत नेला होता, आणि चाखणाऱ्यांना तिखट जाणवेनासे होईपर्यंत किती पातळ करावे लागते, यावरून तिखटपणाचा आकडा ठरवला होता. वेफर्सच्या मसाल्यात साखर मिसळताना आपण कळत-नकळत तेच करत असतो. (जाता जाता सांगायचे तर, मिरची ज्या संवेदी प्रथिनाला चेतवते तेच प्रथिन साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णताही ओळखते. डेव्हिड ज्युलियस यांना या शोधासाठी २०२१ मध्ये नोबेल मिळाले. आपल्याकडे मे महिन्यात ही दोन्ही कामे ते एकाच वेळी करते.)

शेंगा चटणीत नेमके उलटे घडते. भाजलेले दाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ उखळात कुटताना दाण्याला तेल सुटते, तिखट त्या तेलात मुरते, आणि म्हणून पहिल्याच घासाला चटणी आपले म्हणणे मांडते.

आता ब्रँडकडे येते. लेजचा मॅजिक मसाला हा या प्रकारातला मापदंड आहे, त्यामुळे सुरुवात त्याच्यापासूनच करायला हवी. लेज भारतात १९९५ मध्ये आले आणि निळ्या पाकिटातली ही चव इतकी रुळली की इतर कंपन्यांचे मसाला वेफर्स आपण नकळत तिच्याशीच ताडून पाहतो. या मसाल्याची घडण उत्तम आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. कांदा, लसूण, आमचूर, धणे, सुंठ, काळे मीठ यांचा तोल इतका अचूक साधलेला आहे की कोणताही एक घटक वेगळा काढून दाखवता येत नाही. पण हा तोल चाटच्या चवीचा आहे, तिखटाचा नव्हे. पहिल्या पाच-सहा वेफर्सना मिरची जाणवतच नाही, आणि नंतर जाणवते ती जिभेच्या टोकावर न येता घशात, किंचित खवखवीसारखी. लहान मुलांना आणि पाहुण्यांना देण्यासाठी याच्याइतके निर्धोक पाकीट दुसरे नाही, आणि तिखट वेफर म्हणून माझा आक्षेपही नेमका याच निर्धोकपणावर आहे.

अंकल चिप्सचे स्पायसी ट्रीट ही माझ्या पिढीची ओढ. हा ब्रँड अमृत अ‍ॅग्रोने १९९२ मध्ये आणला आणि २००० मध्ये तो लेजच्याच मालकांकडे, म्हणजे पेप्सिकोच्या फ्रिटो-लेकडे गेला. त्यामुळे आज मॅजिक मसाला आणि स्पायसी ट्रीट यांच्यात निवड करणारा ग्राहक एकाच घरातल्या दोन भावंडांत निवड करत असतो. तरी दोन्हींच्या चवीत फरक आहे. स्पायसी ट्रीट माझ्या जिभेला अधिक खारट आणि अधिक आंबट लागते, गोडवा कमी जाणवतो, आणि त्यामुळे मिरची थोडी आधी वर येते. मसाल्याची कारागिरी मॅजिक मसाल्याइतकी सफाईदार नाही. माझ्या कसोटीवर मात्र ते त्याच्या पुढे आहे.

बालाजीविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे की राजकोटचा माल म्हणजे गोडच असणार. विराणी बंधूंनी अ‍ॅस्ट्रॉन सिनेमाच्या कॅन्टीनपासून सुरुवात करून १९८२ मध्ये घरी वेफर्स तळायला घेतले, आणि आज सोलापूरच्या गल्लीबोळातल्या पानटपरीवरही त्यांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या दिसतात. त्यांच्या मसाला मस्तीत आंबटपणा जास्त आहे, हे खरे. पण गोडवा मला मॅजिक मसाल्यापेक्षा कमीच वाटला. शिवाय वेफर पातळ असल्याने बटाट्याचा पिठूळपणा मसाल्यावर मात करत नाही. चाट चस्का मात्र नावाप्रमाणेच चाट आहे, तिखटाच्या चर्चेत त्याला ओढू नये. बालाजीच्या लोकप्रियतेचे एक कारण मालाच्या वजनाशी निगडित आहे, असे दुकानदार सांगतात. त्याची शहानिशा करणे अगदी सोपे आहे: दहा रुपयांची दोन पाकिटे शेजारी ठेवून छापलेले निव्वळ वजन वाचावे. पाकिटाच्या फुगीरपणावर जाऊ नये, कारण आतला नायट्रोजन वेफर चुरडू नये आणि तेल खवट होऊ नये म्हणून भरलेला असतो.

आयटीसीने २००७ मध्ये बिंगो आणले. त्यांच्या चिली स्प्रिंकल्डविषयी फारसे कोणी बोलत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. मोठ्या कंपन्यांच्या पाकिटांत मिरचीला सर्वांत मोकळी वाट देणारे हेच पाकीट आहे. मसाल्यांची गर्दी नाही, मीठ आणि मिरची एवढाच मुख्य मामला, आणि तिखटाचे कण वेफरवर डोळ्यांना दिसतात. तिखट फार नाही. पण जेवढे आहे तेवढे दुसऱ्या-तिसऱ्या वेफरलाच कळते आणि बटाट्याची चवही टिकून राहते. याच जातीचे दुसरे पाकीट म्हणजे लेजच्या वेफर स्टाइल मालिकेतले सनड्राइड चिली. काप पातळ, वर वाळलेल्या मिरचीचे तिखट. इतकी वर्षे जाड, गुळगुळीत, देशभर एकसारखे चिप्स विकणाऱ्या कंपनीला शेवटी गल्लीतल्या वेफर्सवाल्याचा काप आणि त्याची चव उचलावीशी वाटली, यात त्या वेफर्सवाल्याचा मोठाच गौरव आहे, असे मी मानते.

नालीदार वेफर्सविषयी थोडक्यात सांगते. नालीत मसाला जास्त अडकतो, त्यामुळे ते जास्त तिखट लागतील असे वाटते. प्रत्यक्षात काप जाड असतो आणि त्या मानाने तिखट बोथट होते. कुरकुरे आणि मॅड अँगल्स यांची नावे या तुलनेत हटकून घेतली जातात, पण ते बटाट्याचे वेफर्स नव्हेतच. कुरकुरे तांदूळ, मका आणि डाळीच्या पिठाचे असते. त्यांचा न्याय वेगळा करावा.

लाल रंगावरून तिखटपणा ओळखण्याची सवयही सोडायला हवी. ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य असते हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. काही मसाल्यांत तर निव्वळ रंगासाठी पाप्रिकाचा अर्क घातलेला असतो आणि घटकांच्या यादीत त्याचा १६०सी हा क्रमांक दिलेला असतो. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, त्यामुळे साखर आणि मिरची यांपैकी आधी कोण येते, हे पाकीट न फोडताही बऱ्याचदा कळू शकते. नवी पेठेतल्या एका दुकानदाराने मला हेच त्याच्या भाषेत सांगितले होते: “ताई, पाकिटातलं तिखट नुसतं दिसायला लालभडक असतंय. खायाचं तिखट पाहिजे असंल तर उपवासाचं न्या की.”

त्याचे म्हणणे मला पुरेपूर पटले. मुख्य मुद्दा इथेच आहे. आषाढी एकादशीचे पंढरपूर आपल्या जिल्ह्यातले, त्यामुळे उपवासाच्या वेफर्सना इथे वर्षभर मागणी असते. आपल्या रिवाजाप्रमाणे उपवासाला लाल तिखट चालते, पण कांदा, लसूण, हळद, धणे चालत नाहीत. म्हणजे कंपन्या ज्यांच्या आधाराने मसाला उभा करतात ते जवळजवळ सगळे घटक बाद होतात आणि उरतात बटाटा, तेल, मीठ आणि मिरची. वेफर्सवाला कढईवरच किसणी धरून काप सोडतो, घाणा झाऱ्याने उपसतो आणि वेफर गरम असतानाच त्यावर तिखट-मीठ टाकून घोळवतो. त्या वेळी वेफरच्या अंगावर तेल असते, त्यामुळे तिखट त्या तेलाला धरून बसते आणि जिभेवर आल्याबरोबर कळते. शेंगा चटणीचे जे तंत्र, तेच थोड्या प्रमाणात इथे घडते. माझ्या मते बाजारात मिळणारा सर्वांत प्रामाणिक तिखट वेफर हा उपवासाचा सुटा वेफर आहे, आणि त्याला हे यश धर्माच्या बंधनामुळे मिळाले आहे, कोणाच्या प्रयोगशाळेमुळे नव्हे.

या सुट्या मालाचे दोष मी लपवणार नाही. पहिला दोष बटाट्याचा. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते. असा बटाटा तळला की काप तपकिरी पडतो आणि गोडसर-कडवट लागतो, आणि मग कितीही तिखट टाकले तरी खाली तो गोडवा राहतोच. कंपन्या यासाठी कमी साखरेचे आणि जास्त घनभाग असलेले वाण वापरतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना हे वाण वेफर्ससाठीच काढले. गल्लीतल्या वेफर्सवाल्याला मंडईत जो बटाटा येईल तो घ्यावा लागतो, त्यामुळे त्याचा माल उन्हाळ्यात एक आणि दिवाळीच्या सुमारास दुसराच असतो. दुसरा दोष तेलाचा. सुटा वेफर दोन-चार दिवसांत खवट होऊ लागतो, आणि खवट तेलाच्या वासापुढे चांगली मिरचीही हरते. म्हणून सकाळच्या घाण्यातला माल मिळत असेल तरच तो घ्यावा, आणि तोही पावशेरापेक्षा जास्त नाही. प्रवासाला निघताना मी स्वतः बंद पाकीटच घेते.

‘आम्हाला खरे तिखट हवे’ असे म्हणणाऱ्या तरुण मंडळींना एक गोष्ट सांगायला हवी. अतितिखट चिप्स खाण्याच्या पैजा हा वेगळाच प्रकार आहे आणि त्याचा चवीशी संबंध नाही. जुलै २०२४ मध्ये टोकियोतल्या एका शाळेत भूत जोलोकिया घातलेले बटाट्याचे चिप्स खाऊन चौदा विद्यार्थ्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते. ही मिरची स्कोव्हिलच्या मापात दहा लाखांच्या पुढे जाते. वेफर्सवर तिचे प्रयोग करण्याची गरज मला तरी वाटत नाही. आणि तिखट लागलेच तर त्यावर थंड कोला पिऊ नये, पाण्याने कॅप्सेसिन धुतले जात नाही. ताक प्यावे, दुधातले केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढते.

तेव्हा माझी क्रमवारी अशी: ताजा मिळत असेल तर उपवासाचा सुटा तिखट वेफर सर्वांत वर. पाकिटांत बिंगोचे चिली स्प्रिंकल्ड, त्याच्या जोडीला लेजचे सनड्राइड चिली, मग स्पायसी ट्रीट आणि मसाला मस्ती, आणि मॅजिक मसाला शेवटी. तो वाईट आहे म्हणून नव्हे, तो वेगळ्याच स्पर्धेतला आहे म्हणून. या यादीत एक जागा मी मोकळी ठेवली आहे. भाजलेल्या दाण्याचे कूट, लसूण आणि लाल तिखट, साखर अजिबात नाही, अशा चवीचे बटाटा वेफर्स कोणी काढले, तर पहिला पुडा सोलापुरातच खपेल. पूर्व भागातल्या एखाद्या घरगुती उद्योगाने हे आधीच करून पाहिले असेल, तर कृपया दुकानाचा पत्ता खाली लिहावा.