'करदाता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय, सांभाळून घ्या)

नमस्कार करदाता,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच उत्तर टाइप केलं आणि सगळं डिलीट केलं, कारण ते चिडून लिहिलेलं होतं. आता शांतपणे लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात विद्यापीठाच्या बहिःशालतर्फे (म्हणजे विद्यापीठाबाहेर, गावोगाव व्याख्यानं नेणारा विभाग) झालेल्या व्याख्यानाबद्दल लिहिलं होतं, विषय मराठीचा प्रवास, शेवटी थोडं अभिवाचन. त्यावर करदाता म्हणतात की ते स्वतः तिथे होते, अर्धा हॉल बीएच्या पोरांनी भरलेला ज्यांना हजेरीचा धाक दाखवून बसवलेलं, उरलेले सगळे रिटायर्ड मास्तर, हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं, आमच्या टॅक्सच्या पैशावर ही हौस कशाला, आणि असल्या विद्वानांच्या सभांना फुल्यांनी १८८५ सालीच पत्र लिहून 'घालमोडे दादा' म्हणून निकालात काढलंय. तासाभरात ते उठून गेले.

हजेरीचं मान्य. शंभर टक्के मान्य. मी पोस्टमध्ये ते लिहायला हवं होतं, नाही लिहिलं, कारण कार्यक्रम आवडला होता आणि आवडलेल्या गोष्टीचं वाईट लिहायला जीवावर येतं. मी तर म्हणतो तुम्ही सत्काराबद्दल फारच कमी बोललात. दीपप्रज्वलन, त्यात पंख्यामुळे ज्योत विझणार, मग पंखा बंद, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय जो पाहुण्यांनाच ऐकवत नव्हता, मग शाल श्रीफळ पुष्पगुच्छ, व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाला, ज्यांचा व्याख्यानाशी काडीचा संबंध नाही त्यांनासुद्धा. चाळीस मिनिटं गेली, मी घड्याळ लावून बसलेलो. त्यानंतर वक्त्याला चिठ्ठी, की सर थोडक्यात आटपा, पोरांची एसटी आहे. अहो मग बोलावलं कशाला त्यांना.

पैशाचं म्हणाल तर वक्ते स्वतः एसटीने आले होते आणि जाताना स्टँडवर माझ्या शेजारीच उभे होते, त्यामुळे तुमचा माझा टॅक्स तिथे फार बुडाला असेल असं वाटत नाही. पुढे जाऊ.

फुल्यांचं पत्र. हा तुमचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो असा सहज उडवून लावण्यासारखा नाही. पण ते पत्र कशासाठी होतं बघा. न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण दिलं, फुल्यांनी नाकारलं, कारण ज्या लोकांचं जगणं त्या ग्रंथांत नाहीच त्यांनी तिथे जाऊन करायचं काय. लोकांसमोर उभं राहून बोलण्याला त्यांचा विरोध नव्हता, त्यांनी १८७३ ला काढलेल्या सत्यशोधक समाजाच्या लोकांनी तर पुढे गावोगाव जलसे केले, त्यात भाषण होतं, गाणं होतं, वग होता. प्रश्न एवढाच होता की बोलणार कोण आणि कुणाबद्दल.

आणि या बाबतीत विद्यापीठांचा इतिहास तुमच्याच बाजूने जातो, माझ्या नाही, हे कबूल करतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबई विद्यापीठात सात व्याख्यानं दिली, विल्सन यांच्या नावाची व्याख्यानमाला होती ती. संस्कृत, मग पाली, मग प्राकृत आणि अपभ्रंश, आणि तिथून आपल्या मराठी-हिंदी-गुजरातीपर्यंत भाषा कशी वाहत आली, ध्वनी कसे झिजले, प्रत्यय कसे आले. अफाट काम. पण सगळं इंग्रजीतून! म्हणजे शेतावर आणि बाजारात जे मराठी बोलत होते त्यांच्याच तोंडातल्या शब्दांची गोष्ट, आणि ती त्यांना कळणारच नाही अशा भाषेत. पुस्तक म्हणून छापून यायला १९१४ उजाडलं. आता ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी, पाली, प्राकृत अशा सगळ्यांना एकाच वेळी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा जिकडेतिकडे व्याख्यानांचा पाऊस पडला, मला मात्र ती सात व्याख्यानं आठवत राहिली. तिकडे पुण्यात रानड्यांनीच १८७५ ला वसंत व्याख्यानमाला सुरू केलेली, ती अजून एप्रिल-मे मध्ये चालू असते, पण तीही शेवटी पुण्यातच ना. बहिःशाल मला आवडतं ते याचमुळे, ते निदान एसटी पकडून आमच्यापर्यंत येतं.

आता तुम्ही उठून गेलात तिथून पुढचं सांगतो, कारण मला खरं तेच सांगायचंय.

प्रश्नोत्तरांआधी सर म वरून व कसा होतो ते सांगत होते. ग्रामचं गाव, नामचं नाव, भ्रमरचा भोवरा. ओघात म्हणाले, तसंच आमंत्रणाचं आवतण झालं, पण हा शब्द आता बोलण्यातून गेला, सगळे परत आमंत्रणावर आले. तर शेवटून दुसऱ्या रांगेतला एक पोरगा, हो, तुमच्या त्या जबरदस्तीने बसवलेल्यातलाच, उभा राहिला आणि म्हणाला, सर आवतान कुठं गेलंय? आमच्याकडं पत्रिका वेगळी अन् आवतान वेगळं. पत्रिका महिनाभर आधी वाटत्यात, आवतान जेवणाच्या दिवशी सकाळी दारात जाऊन तोंडी द्यायचं, ते आलं नाही तर पत्रिका असूनसुद्धा भावकीतला माणूस पंगतीला बसत नाही. मग एक पोरगी म्हणाली की त्यातही चूलबंद आवतान असतं, म्हणजे घरातली चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं, आणि नुसतं आवतान म्हणजे घरटी एक माणूस. त्यावरून पोरांची आपसातच जुंपली की आमच्या वाडीत असं नाही, तुमच्यात असेल.

सर काय बोलले असतील? काही नाही. शेजारच्याकडून पेन घेतलं आणि स्वतःच्या टिपणाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं, पोराला दोनदा विचारून.

यूट्यूबचं म्हणता ना, कॉलेजने त्याच दिवशी व्हिडिओ टाकलाय, मी बघितला. सत्कार पूर्ण आहे, अगदी एकेक शाल. 'आता प्रश्नोत्तरं' म्हणतात आणि तिथेच कट. रेकॉर्डिंगला माझा विरोध नाही, मीही स्वयंपाक करताना दीडच्या स्पीडने ऐकतो, पण वक्त्याला चूक सांगणारा तो पोरगा त्यात नाही. आणि वर्गात त्या सरांना असं कोण सांगणार होतं, तिथे मार्क त्यांच्याच हातात. इथे नव्हते. एवढंच, पण माझ्यासाठी ते पुरेसं आहे.

तुमची सूचना की हजेरी बंद करा, ती मी संयोजकांना तोंडी सांगितली, ते हसले. सत्काराचं सांगितलं तर हसलेही नाहीत.

आणि मूळ पोस्टमधला 'तुडुंब' हा शब्द मी आज काढलाय. सुरुवातीला दीडएकशे असतील, हजेरीची वही फिरल्यावर निम्मे, आणि आवतानाचं भांडण चाललं तेव्हा फार तर पस्तीस.